शिट्टी आता ताईच्या हातात

हे सांगायचं नाही असं ठरलं होतं. ताईनं मला आणि शकीलभाईंना बजावलं होतं, "आपल्यातलं आपल्यात राहू द्या." शकीलभाईंनी ते पाळलं, कारण त्यांना बोलायला माइक लागतो! मी वर्गातही फारशी बोलत नाही, म्हणून माझ्याकडे गोष्टी साचत जातात. मैदानाच्या कडेला पाण्याच्या रिकाम्या बाटल्या साचतात ना, तशा. एक उचलायला जावं तर शेजारच्या चार लवंडतात.

माझी ताई आठशे मीटर पळायची. राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेली होती. मग गुडघा गेला, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी तिला आणि बाबांना समोर बसवून सांगितलं, चालणं-फिरणं होईल, स्पर्धेचं पळणं होणार नाही. बाबांनी ते ताईच्या माघारी आईला आणि मला सांगितलं. ताईनं मात्र अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "पुढच्या सीझनला बघू."

तोवर तिनं हिंगोलीत स्पर्धा भरवण्याचं काम सुरू केलं. शाळांचे क्रीडा दिवस, भरतीची तयारी करणाऱ्यांच्या शर्यती, गावोगावच्या दौडी. मंडप आणि माइक शकीलभाईंचा, सुट्टीच्या दिवशी मदतीला मी. आणि आम्ही सगळेच वाट बघत होतो, की खरं काय ते ती स्वतःच्या तोंडानं कधी म्हणते.

* * *

पहिली स्पर्धा साखऱ्याला होती. मुलींची आठशे मीटर, शिट्टी ताईच्या हातात. "ऑन युअर मार्क!" ती म्हणाली. पोरींनी एक पाय पुढे टाकला, कोपरं वाकवली. मी रेषेजवळ उभी होते म्हणून मला दिसलं, ताईनंही पाय पुढे टाकला होता.

शिट्टी वाजली आणि ताई पळाली! तोंडात शिट्टी, गळ्यात आयोजकाचं कार्ड, कार्ड पाठीवर उडतंय. पहिल्या वळणाआधीच गुडघ्यानं तिला थांबवलं. सगळं गाव हसलं. पुढे बसलेले एक आजोबा म्हणाले, "बाई, तुमीच पळाल्यावर निकाल कोन लावंल?"

ताई सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली. मग पाण्याच्या टँकरमागं गेली आणि खूप वेळ तोंड धूत राहिली.

* * *

आमच्याकडे पाहुण्यांना हार-शाल-श्रीफळ दिल्याशिवाय काहीच सुरू होत नाही. एका शाळेत प्रमुख पाहुणे "पाच मिनिटांत येऊन राहिले" होते. पोरी वॉर्म-अप करून उन्हात उभ्या होत्या आणि पाच मिनिटं काही संपत नव्हती. अंग तापवून थांबणं काय असतं हे ताईला माहीत. तिनं सरळ शिट्टी वाजवून शर्यत सुरू केली. शेवटची पोरगी रेषेवर आली आणि फाटकातून पाहुण्यांची गाडी आली!

संस्थेचे सचिव कपाळाला हात लावून बसले. "मॅडम, आता सायबांनी झेंडा कोनाला दाखवायचा?"

ताईनं पोरींना पुन्हा रेषेवर उभं केलं. फोटोपुरतं लिंबाच्या झाडापर्यंत पळायचं आणि थांबायचं, असं ठरलं. पाहुण्यांनी झेंडा हलवला, पोरी झाडापाशी थांबल्या. एक सोडून! आधीच्या शर्यतीत जी शेवटची आली होती, ती एकटीच पूर्ण गोल पळत सुटली आणि हात वर करून रेषेवर आली. शकीलभाईंनी माइकवर जाहीर केलं, "और पहिला नंबर!" सगळे पोट धरून हसले.

ताई म्हणाली, "बराबर केलं तिनं. दुसऱ्यांदा पळायला मिळालं तर कोण थांबंल?"

शकीलभाईंनी माइक बंद केला.

* * *

आई अजूनही रोज ताईसाठी हरभरे भिजवायची, अंडी उकडायची. पळत होती तेव्हाचाच खुराक. शेजारच्या काकूंनी एकदा हळूच विचारलं, "आता कशाला गं एवढं?" आई म्हणाली, "बंद केलं तर तिला कळंल ना, आमाला कळलंय म्हनून."

ताईला मी विचारलं, "तुला जात नाही तर खातेस काहून?" ती म्हणाली, "न्हाई खाल्लं तर आईला कळंल ना."

मग मधला मार्ग निघाला. आई पाठमोरी झाली की एक अंडं माझ्या ताटात येतं. सध्या घरात सगळ्यात तगडी मी आहे! आणि मला तर पी.टी.च्या तासालाही दम लागतो.

* * *

शेवटच्या रेषेवरची रिबीन धरण्याचीही एक रीत असते. ती ताईनंच मला शिकवली. "पळणारीच्या छातीला लागली की सोडायची. धरून ठेवायची न्हाई."

औंढ्याच्या स्पर्धेत एक टोक माझ्याकडे, दुसरं ताईकडे. पहिली पोरगी डोळे मिटून, दात आवळून आली. मी सोडलं. ताईनं सोडलंच नाही! रिबीन पोरीच्या दंडाला गुंडाळली आणि तिनं गर्रकन फिरून बसकण मारली.

"ताई, सोडा ना!" ती धापा टाकत ओरडली.

ताई तिच्या तोंडाकडे बघत तशीच उभी. शेवटी मी जाऊन तिची बोटं एकेक करून उघडली. तेवढ्यात शकीलभाईंनी सांभाळून घेतलं, "देखिए, अपने रिबन की क्वालिटी कितनी मजबूत है!"

तेव्हापासून रिबीन ते आणि मी धरतो. ताई जेवणाची पाकिटं बघते.

* * *

आता मागच्या महिन्यातलं. सिद्धेश्वरच्या धरणाकडे रस्त्यावरची दौड होती. एरवी ताई सगळ्यात पुढच्या गाडीत असते. त्या दिवशी मागच्या गाडीत बसणारा माणूस आला नाही, म्हणून ती शेवटच्या रुग्णवाहिकेत बसली. पुढचं सगळं मला त्या गाडीच्या ड्रायव्हरकाकांनी सांगितलं.

सगळ्यात मागं एक अंगणवाडीच्या बाई होत्या. साडीवर बूट घातलेले. काका म्हणाले, "बाई, बसा आत. तुमच्या मागं कोनी न्हाई."

"काहून बसू? नाव देऊन आले मी!"

ताई खाली उतरली आणि त्यांच्या सोबत चालू लागली. ती थोडी लंगडत होती. बाईंनी विचारलं, "पोरी, तू बी पळती काय गं?"

ताईनं बाईंच्या पावलाशी पाऊल जुळवलं. मग म्हणाली, "पळत होते. आता न्हाई पळणार."

"लई पळालीस का?"

"पळाले. पोट न्हाई भरलं."

 ते ऐकून काकांनी गाडीचा पंखा बंद केला.

इकडे बक्षिसं वाटून झाली होती, माणसं पांगली होती. शकीलभाई शेवटच्या रेषेवरच्या, हवा भरून फुगवलेल्या गेटच्या दोऱ्या सोडत होते. तेवढ्यात लांबून ताईचा आवाज आला, "गेट काढू नका!"

त्यांनी धावत जाऊन माइक सुरू केला. बाईंनी ताईचा हात धरला होता, "चल की, सोबतच जाऊ!" गेटपाशी आल्यावर ताईनं हळूच हात सोडवून घेतला. बाईंना पुढं केलं. बाई दोन्ही हात वर करून आत शिरल्या. ताई मात्र दोऱ्या ओलांडत बाहेरच्या बाजूनं आली.

मी मेडल घेऊन उभी होते. बाईंच्या गळ्यात घातलं. मग ताईला विचारलं, "तू बाजूनं काहून आलीस?"

"गेट पळणाऱ्यांचं असतं," ती म्हणाली. मागं वळून रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "आता कोनी राहिलं न्हाई. सोडा हवा, शकीलभाई."

गेट हळूहळू खाली बसायला लागलं. ताई त्याच्यासमोर उभी होती. मी तिच्याजवळ गेले, तर तिनं माझा हात धरला आणि—

"नंदे! ए नंदे! नवे मेडल कुठं ठेवले गं? गाडी येऊन राहिली!"

आले गं ताई! तर तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, नंदे, घरी गेल्यावर आईला आपण सांगून टाकू, उद्यापासून अंडी उकडू नको म्हणून. आले गं, आले!