अक्काचं नाव कोणी ठरवायचं?

लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत बघितली की माझं डोकं फिरतं. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, बाकीच्यांनी पेढे खायचे. याविरुद्ध आमच्या गटाने पत्रक काढलं, त्याचा मजकूर मीच लिहिलेला. बेंगळुरात एचएसआर लेआउटमध्ये दारोदार वाटलंही. आणि माझ्याच सख्ख्या बहिणीच्या लग्नात, बनशंकरीच्या हॉलवर, ते ताट हजर!

आदल्या संध्याकाळी अक्का मेंदी वाळवत बसली होती. मी तिला पत्रक वाचून दाखवलं. तिच्या नावाचा अर्थ ज्योत. 'ज्योत विझू देऊ नका' असं वाक्य मी त्यात मुद्दाम घातलं होतं.

"झालं भाषण?" ती म्हणाली. "मला नकोच आहे ते नाव."

"काय?"

"अर्थ असेल ज्योत. पण नाव कुणाचं? अप्पांच्या बहिणीचं. नवव्या वर्षी तापात गेली ती. अप्पा मला हाक मारतात आणि डोळे पुसतात. मी शाळेत पहिली आले तेव्हासुद्धा तेच. आणि तू गं? तू तरी कधी मारलीस मला त्या नावाने हाक?"

नव्हती मारली. आमच्याकडे थोरल्या बहिणीला नावाने कोण हाक मारतं?

"मग आधीच का नाही बदललंस?"

"विचारलं होतं. आई म्हणाली, अप्पांना काय वाटेल? लग्नात बदलेलच की. म्हणून थांबले."

म्हणजे नको असलेलं नाव टाकायलासुद्धा बाईने नवऱ्याच्या अंगठीची वाट बघायची! माझ्या पत्रकात यावर एक ओळ नव्हती.

"निदान नवं तरी तुझ्या पसंतीचं घे. सांग त्यांना."

"तूच विचार. मला आज भांडण नको."

मी तडक तिच्या सासूबाईंना गाठलं. बेळगावकडच्या, पण जन्म बेंगळुरात गेलेला. म्हटलं, "नाव ठरवताना अक्काला विचारलंत का?"

"तिला काय विचारायचं? पत्रिकेवरून अक्षर काढलंय, मुलाच्या नावाला शोभेलसं नाव बघितलंय."

"अर्थ काय त्याचा?"

"अर्थ कसला घेऊन बसलीस? स्वल्प दम धर, उद्या कळेल. सरी, बरं का?" असं म्हणून त्या फुलवाल्याकडे वळल्या. खोलीत परत येऊन मी अक्काला तेच सांगितलं, उद्या कळेल.

दुसऱ्या दिवशी भावोजींनी तांदळात पहिलं अक्षर काढलं, ते नीट उमटलं नाही, पुन्हा काढलं. सगळे मोबाइल धरून उभे. अक्का ताटावर वाकली होती. प्रत्येक अक्षराला तिचे ओठ हलत होते. तिसरं अक्षर पुरं झाल्यावर तिला कळलं, आता लोक आपल्याला कोणत्या नावाने हाक मारणार ते.