अंबुजेने क्रुसापुढे लावलेला कौल

अंबुजा आमच्याच गल्लीत वाढली, राजवाड्याच्या मागे. आमच्या घरांत देवीपुढे दोन पुड्या ठेवून कौल लावतात. एकीत पांढरं फूल म्हणजे हो, दुसरीत लाल म्हणजे नको, आणि कशात काय हे ठाऊक नसलेल्याने एक उचलायची. पुढे तिने जेबराजशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि गल्लीने तिच्या नावाने बोटं मोडली. मी तेवढं तिच्याशी बोलणं सोडलं नाही. जेबराज गेल्यावर ब्लाउज शिवून शिवून तिने मुलीला, हरिताला, नर्स केलं. बाई कणखर आहे. फक्त देवाचं नाव घेऊन कोणी मोठ्याने बोललं की पाघळते.

गेल्या पोंगलनंतर तिच्या प्रार्थनाघरातल्या पास्टरने सांगितलं, देवाने हरितासाठी नवरा म्हणून त्यांचाच भाचा दाखवलाय. जुन्या चर्चचे पाद्री म्हणाले, घाई नको, प्रार्थना कर. तिरुवैयारुहून तिच्या नणंदेचा फोन आला, उपासात मला दर्शन झालंय, यंदा लग्नच नको. एकाच देवाचं नाव घेऊन सगळे वेगळंच बोलत होते, माझं तर डोकंच फिरलं. हरिताने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, मला तो मुलगा नको. त्यावर अंबुजा म्हणाली, "तुझं मन म्हणजे देवाची मर्जी नव्हे." मुलीच्या अख्ख्या जन्माचा प्रश्न, आणि ही बाई असं बोलते.

एका रविवारी दुपारी तिने मला बोलावून घेतलं. बघते तर भिंतीवरच्या क्रुसाखाली स्टुलावर दोन पुड्या. मी उभीच राहिले.

"अगं, क्रुसापुढे कौल? पास्टरला कळलं तर?"

"देव ऐकतो ना, कमलाक्षी. तू उचल. तुला ठाऊक नाही कशात काय."

उचलली. पांढरी तगर निघाली. अंबुजेने डोळे पुसले, हात जोडले आणि पास्टरला कळवायला फोन लावला. लाल फूल वाया कशाला, घरी देवीला वाहीन, म्हणून मी दुसरी पुडी उघडली.

आतही पांढरीच तगर.

"अंबुजे, हे काय?"

ती माझ्याकडे बघेना. "पास्टर म्हणाले, देवाने आधीच हो म्हटलंय. मग लाल ठेवायचं म्हणजे अविश्वासच की."

"मग विचारलंस तरी कशाला?"

"मनाला शांती हवी होती गं."

इतकी वर्षं ओळखते हिला, आणि ही देवालाच फसवायला बसली होती. तेवढ्यात मागे चाहूल लागली. हरिता ड्यूटीवरून आली होती, चप्पलसुद्धा काढली नव्हती. सगळं ऐकलं होतं तिने.

"अम्मा," ती हळूच म्हणाली, "मी नको म्हणाले होते. ते कुठल्या पुडीत घातलंस?"

अंबुजेचं तोंड पांढरं पडलं. फोन केव्हाच लागला होता, आतून पास्टर "सिस्टर, सिस्टर" करत होते. तिने मुलीकडे बघितलं आणि फोन कानाला लावला.

"पास्टर, मी देवाला विचारलंच नाही. विचारल्याचं सोंग केलं. हे लग्न होणार नाही."

पलीकडून काहीतरी जोरजोरात बोलणं आलं.

"नाही," ती म्हणाली, "जिचं लग्न ती नको म्हणते. आणि देवाशी माझं मी बोलेन."