नऊ तलवारींचं पान आणि शेजारच्या काकू

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटली.

मी हौसेने टॅरोची, म्हणजे भविष्य सांगायच्या चित्रांच्या पत्त्यांची, पानं बघते. दुपारी शेजारच्या काकू आल्या. त्यांचं पान निघालं नऊ तलवारींचं, अंथरुणात बसून तोंड झाकून घेतलेल्या बाईचं. मी ऐटीत अर्थ सांगितला, "ही नुसती काळजी आहे, काकू. सगळं तुमच्या मनात आहे."

काकू हळूच म्हणाल्या, "मनात न्हाई गं, छातीत गाठ हाय. दोन म्हैने झाले. कुनाला सांगू?"

पानं तशीच टाकून मी त्यांना जामखेडला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. उद्या तपासणी आहे. रस्ताभर त्यांनी माझा हात सोडला नाही.

दोन महिने त्या रोज दारात भेटत होत्या. "कशा आहात?" विचारून मी उत्तराला कधी थांबलेच नाही. तुम्ही थांबता का?