अक्कांच्या कढीपत्त्यावरची अंडी

आमच्या चिक्कडपल्लीच्या अपार्टमेंटमध्ये पद्मावतीबाईंना सगळे अक्का म्हणतात. जामबागेतल्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, त्या एकतीस वर्षं अटेंडर होत्या. बरण्या धुवायच्या, झुरळं पकडून आणायची, आणि तास चालू असताना मागच्या दारात उभं राहून सगळं ऐकायचं. शिक्षण सातवी, पण बोलण्याचा थाट प्राध्यापिकेचा. खरं सांगते, मला त्यांचा थोडा रागच यायचा.

यंदा कंपाउंडमधल्या कढीपत्त्यावर मावा पडला. पुण्याहून आयटीत आलेला उदय आमचा सेक्रेटरी. त्यानं रविवारी फवारणी ठरवली आणि अक्का आडव्या आल्या. एका फांदीला वाळलेल्या फेसासारखा तपकिरी गोळा चिकटला होता.

"प्रार्थना कीटकाची अंडी आहेत. पिल्लं निघाली की मावा तीच खातील बघा. औषध मारलं तर आधी तीच मरतील."

उदयनं फोटो काढून फोनवर शोधलं. "अक्का, याला भोक पडलंय. म्हणजे गांधीलमाशीच्या अळ्यांनी आतलं सगळं खाल्लंय. आणि तुम्ही कॉलेजात नुसत्या अटेंडर होता ना?"

अक्कांचा चेहरा पडला. आवाज मात्र पडला नाही. "भोक कडेला आहे, ते माशीचं. पिल्लं मधल्या शिवणीतून निघतात. एकटी माशी सगळी कशी खाईल हो?"

"मग फांदी तोडून घरात ठेवा," मी म्हटलं.

"नक्को!" अक्का जवळजवळ ओरडल्या. एकदा दिवाळीच्या सुट्टीआधी त्यांनी असाच गोळा काळजीनं झाकणाच्या बरणीत ठेवला होता. परत आल्यावर आत तीन पिल्लं धष्टपुष्ट, आणि बाकी नुसते पाय. भूक लागली की ती एकमेकांनाच खातात. "ते पाप माझ्या हातून झालंय. ही झाडावरच राहतील."

उदयनं रविवार सकाळी नऊपर्यंतची मुदत दिली; तोवर पिल्लं निघाली नाहीत तर फवारणी.

रविवारी अक्का सहापासून झाडाखाली स्टूल टाकून बसल्या. नऊ वाजले. पंपवाला पाठीवर टाकी घेऊन उभा. "अम्मा, मारूं क्या?" अक्कांनी स्टूल फांदीच्या आणखी जवळ ओढलं. मला एकदम त्यांची फार दया आली आणि उदयची चीड. मी म्हटलं, "दहा मिनिटं थांबलास तर काय बिघडतं रे तुझं?"

ऊन पाण्याच्या टाकीआडून सरकून फांदीवर आलं. गोळ्याच्या मधल्या शिवणीतून काहीतरी पिवळसर डोकावलं. मग दुसरं. मग विसेक एकदम! बारीक धाग्यांना लोंबकळत, कात टाकून, लांब पाय सोडवत पिल्लं पानावर चढू लागली. मुंगीएवढी, पण पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले. एकानं तर मान वळवून थेट उदयकडे पाहिलं. मी टाळ्या पिटल्या. वरच्या गॅलऱ्यांतून बायका "काय झालं?" म्हणून ओरडत खाली धावल्या. पिल्लं शंभरावर तरी असतील, मोजणार कोण! एकानं तर तिथल्या तिथे माव्याचा किडा धरला.

अक्का उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू.

पंपवाल्यानं टाकी खाली ठेवली. उदय बराच वेळ फांदीजवळ वाकून बघत होता. मग मोबाईल खिशात टाकून वळला.

"मॅडम," तो म्हणाला, "आता पुढं काय करायचं ते तुम्ही सांगा."