दादाच्या गाडीचा पंप

दादाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत सुट्टीआधीची आवराआवर करत होते. कशी आहेस नाही, जेवलीस का नाही, एकदम "पंप गेला."

"कोणता पंप?"

"गाडीचा, दुसरा कोनता? चावी फिरवली का टाकीतून घूं करते ना, तो. मुका झाला. अकोल्यात भेटून नाई राहिला. तिकडं अमरावतीत पाय अन् घेऊनच ये. मले पौर्णिमेले सांचीले जायचं हाय."

दादा माझा थोरला भाऊ. विजेच्या खात्यात उमेदीची वर्षं खांबांवर चढण्यात गेली, आणि निवृत्त झाल्याबरोबर त्याने लांब पल्ल्याची ती धिप्पाड मोटरसायकल घेतली, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेली. त्याच्या वयाची माणसं सकाळ-संध्याकाळ विहारात बसायला लागली होती. हा बोधगयेला गाडीवर जाऊन आला. मग कुशीनगर. मागे वहिनी, पेटीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सांची तेवढी राहिली होती. रेल्वेने जा, असं त्याला सांगायची सोय नव्हती. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असं आमची आई त्याच्याबद्दल तो शाळेत असल्यापासून म्हणायची.

पंप मिळाला बडनेरा रोडवरच्या एका दुकानात. दुकानदाराने खोकं माझ्या हातात देताना विचारलं, "गाडी अकोल्याची काय?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"तिकडचे लोक उन्हाळ्यात टाकी भरत नाई. हा पंप पेट्रोलात बुडून राहिला तरच थंडा राहते. खाली टाकीत जळते बिचारा."

खरं होतं. मे महिन्यात टाकी भरली की भडका उडतो, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं, आणि दादा तर त्याचा मोठा प्रचारक. मार्च लागला की तो येईल-जाईल त्याला टाकी अर्धी ठेवायचा सल्ला द्यायचा. मला हसूच आलं. चोर सापडला म्हणायचा. मूर्तिजापूर येईपर्यंत, मांडीवर खोकं घेऊन, मी त्याच्या कानउघाडणीची सगळी तयारी बसमध्येच केली.

घरी पोहोचले तर तो अंगणात कडुनिंबाखाली बसलेला. गाडीची सीट काढून ठेवलेली, बोल्ट खोलायचे पाने गोणपाटावर लहानापासून मोठ्यापर्यंत रांगेने मांडलेले. मी अगदी जवळ जाऊन "दादा" म्हणेपर्यंत त्याने मान वर केली नाही. तो तसाच आहे, कामात असला की बाप आला तरी बघणार नाही. मी तिथेच तोफ डागली. टाकी रिकामी ठेवून पंप तूच जाळलास, वगैरे.

"उन्हाळ्यात भरू नये," तो म्हणाला. विषय संपला.

पाणी प्यायला आत गेले तर वहिनी ओट्याशी ताक घुसळत होती. माझ्या हातातलं खोकं बघून तिचा चेहरा पडला.

"ताई, तुमी काहून आनला तो पंप? भेटला नाई म्हनलं असतं तं काय बिघडलं असतं?"

मग तिने सांगितलं, बाहेर ऐकू जाणार नाही अशा आवाजात. साखरेने दादाचे डोळे गेले होते. एक पुरता गेला होता, दुसऱ्याला चुलीच्या धुरातून दिसावं तेवढंच दिसत होतं. नागपूरच्या खेपा झाल्या, डोळ्यात सुया टोचून झाल्या. राहिलं तेवढं सांभाळा, असं डॉक्टर म्हणाले. दिवाळीपासून गाडी गेटच्या बाहेर गेली नव्हती. रोज सकाळी तो ती चालू करायचा, टाकीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहायचा आणि बंद करायचा. पेट्रोल भरायला जाणार कसा? ते आटत गेलं. यंदा उन्हाळ्याचं कारण फक्त लोकांसाठी होतं.

"तुमाले सांगू नको म्हने. झाकली मूठ," वहिनी म्हणाली. "पंप जायच्या आदल्या दिवशी बसला गाडीवर. गेटापर्यंत नेली. बाहेर लेकरं खेळून राहिली होती. मी आडवी झाली म्हनून थांबला. आता तुमीच पाहा. चालू नका होऊ देऊ."

मला राग आला. पंप आणायला बहीण चालते आणि डोळे गेल्याचं सांगायला चालत नाही? तिथून बाहेर यावं आणि सगळं त्याच्या तोंडावर टाकावं असं वाटलं. पण बाहेर आले तर तो पुढच्या चाकापाशी बसून बोटांनी एक पडलेला स्क्रू शोधत होता. स्क्रू त्याच्या चपलेजवळ होता. त्याला सापडेपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

आम्ही टाकी उतरवली आणि जुन्या गोधडीवर पालथी घातली. खालची गोल चकती त्याने स्वतः उघडली. बोल्ट एकाआड एक समोरासमोरचे सैल करायचे, म्हणजे चकती वाकत नाही, हे त्याने मला पूर्वी शिकवलेलं पुन्हा शिकवलं. हात तेच होते, जाड आणि शांत. जुना पंप बाहेर आला, त्याला जळका वास होता. नव्याच्या रबरी कड्यावरून त्याने बोट सावकाश फिरवलं, बाळाच्या हिरड्यांवरून फिरवावं तसं. आणि मग थांबला.

"लाल कोनती यातली?"

हा माणूस जन्मभर वायरींच्या रंगांवर जगला. चुकीच्या रंगाला हात लावला असता तर खांबावरून त्याचं प्रेतच खाली आलं असतं. मी बोट दाखवलं. तो भलतीकडेच बघत होता. मी त्याचा हात धरला आणि लाल वायरीवर ठेवला. त्याने तो ठेवू दिला.

"ऊन लय चमकून राहिलं," तो म्हणाला. आम्ही दाट सावलीत होतो.

मला रडू येत होतं, पण नाक ओढलं तर त्याला ऐकू जाईल म्हणून ते गिळलं.

टाकी परत चढवली. शेवटी राहिला तो वायरींचा जोड, एकात एक बसणाऱ्या दोन डब्या. तो माझ्या हातात होता. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी डब्या नुसत्या एकमेकींना टेकवल्या. दाबल्या नाहीत. बघणाऱ्याला बसल्यासारख्याच दिसल्या असत्या.

"झालं," मी म्हणाले.

"टक नाई वाजलं," दादा म्हणाला.

मी वहिनीकडे पाहिलं.

"दाब ना. कॉलेजात हेच शिकवतं काय पोरायले?"

त्याने हात पुढे केला, चाचपत जोड शोधला, त्यावर अंगठा ठेवला आणि दाबला. टक वाजलं. दाबून झाल्यावरही अंगठा थोडा वेळ तिथेच राहिला.

घरातल्या बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं. त्याने चावी फिरवली आणि टाकीतून तो घूं आवाज आला. दादाचं तोंड जरासं उघडं राहिलं. मग बटण दाबलं आणि इंजिन सुरू झालं, पहिल्या फटक्यात. वहिनी आत निघून गेली.

दादाने टांग टाकली आणि गाडीवर बसला. स्टँडवरून ती खाली घेतली. दोन्ही पाय जमिनीला पक्के. पाठ ताठ. इतकी जड गाडी त्याने तोलून धरली होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी त्याला कोणी आंधळा म्हटलं नसतं. समोर दहा-बारा पावलांवर पत्र्याचं गेट होतं. मी आल्यापासून ते सताड उघडं होतं आणि बाहेर रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती.

"गेट उघडं हाय का?" त्याने विचारलं.

जन्मभर तो मला सांगतच आला होता, आणि लाल वायरीनंतर आज दुसऱ्यांदा विचारत होता.

"बंद आहे," मी म्हणाले.

रस्त्यावरची गरम हवा सरळ आत येत होती, आमच्या दोघांच्या तोंडावर. धूळसुद्धा. पोरं ओरडत होती, पत्र्याआडून यावा तसा दबका आवाज नव्हता तो. दादाने चेहरा त्या वाऱ्याकडे केला आणि तसाच बसून राहिला. इंजिन चालूच होतं. त्याला कळलं होतं. मी खोटं बोलले हे त्याला माझ्याआधी कळलं असेल.

"बंद हाय म्हन्तं तं मंग कसं जातं," तो म्हणाला.

त्याने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि मला द्यायला हात लांब केला. मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. त्याने ती उजवीकडे धरली होती. मी गाडीच्या मागून वळसा घालून त्या बाजूला गेले, तिथे उभी राहिले, आणि घेतली.