इद्रिस सरांची भरती

इद्रिस सर बसत नसत. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, आणि पेपर तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत चालत. कुणी खुर्ची पुढं केली की तिच्या पाठीवर हात ठेवायचे आणि तसेच बोलत राहायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, “बसलो का मले वाटते मास्तर, का कोनीतरी आपल्या पुढं निघून जाऊन राह्यलं.”

सर मूळचे पातूरचे. अमरावतीला राजापेठेत एका औषधाच्या दुकानाच्या माडीवर त्यांचा पोलीस-फौजेच्या भरतीचा क्लास होता. पहाटे मैदानावर ते पोरं पळवायचे, दुपारी मी मराठी आणि सामान्यज्ञान शिकवायचो. आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला पहिला माणूस मी. शुद्ध भाषेचा मला तोरा होता, अजूनही आहे. क्लासच्या भिंतीवर सरांनी लाल ऑइलपेंटनं लिहिलं होतं : ‘मागं फिराचं नाही.’ मी म्हटलं, सर, ‘फिरायचं’ लिहा. सर म्हणाले, “पोट्टे काय पुन्यावरून येतात? त्यायले समजते ना? मंग शुद्धच हाय.”

ती वर्षं वाईट होती. कापसावर कुणाचा भरवसा राहिला नव्हता. वावरातून बाहेर पडायचा एकच दरवाजा पोरांना दिसायचा आणि त्याचं नाव भरती. एकदा मी विरुद्धार्थी शब्द विचारले. “भरती?” अख्खी बॅच ओरडली, “रिजेक्ट!” ओहोटी हा शब्द मला फळ्यावर लिहून दाखवावा लागला. समुद्र मीही तोवर पुस्तकातच पाहिला होता.

सरांचा एक जुना विद्यार्थी, गजानन, अंदमानात गणवेशाच्या नोकरीवर होता. त्यानं हट्टानं आम्हा दोघांना बोलावलं. निघायच्या आदल्या आठवड्यात प्रमोदचा निकाल लागला. अकोल्याकडचं पोरगं, सरांचा सगळ्यात चिवट धावपटू. वयाची शेवटची संधी होती, ती गेली. त्यानंतर तो क्लासला फिरकलाच नाही. अंदमानात पोचल्यावर सरांनी त्याच्या गावी फोन लावला. आई म्हणाली, “सर, तो तं तुमच्याचकडं हाये ना?”

त्या वर्षांत असं वाक्य ऐकलं की माणसं आधी गावातल्या विहिरी पाहायला पळायची. सरांनी अमरावतीच्या पोरांना शोधायला पिटाळलं. प्रमोदचा मोबाइल बंद. आमचं परतीचं विमान दोन दिवसांनी. लॉजच्या खोलीत सर असे फेऱ्या मारू लागले की खालच्या मजल्यावरचा माणूस वर आला. शेवटी गजानन म्हणाला, “सर, चालाचंच हाये तं चला, तुमाले चालाची जागा दाखवतो.”

सकाळच्या बोटीनं त्यानं आम्हाला एका बेटावर नेलं. तिथल्या राष्ट्रीय उद्यानातून समुद्राच्या कडेकडेनं एक पायवाट जाते. एका अंगाला आभाळ झाकणारी झाडं, दुसऱ्या अंगाला पाणी. कुठं मुळांच्या पायऱ्या, कुठं पांढरी रेती, आणि पाय टाकला की चहूकडे पळणारे खेकडे. आमच्या काळ्या मातीच्या डोळ्यांना इतकं हिरवं सोसत नव्हतं. सर सगळ्यांच्या पुढं. एकदाच थांबले, रेती मुठीत घेऊन पाहिली. “अशी रेती राजापेठले भेटली असती ना मास्तर, प्रमोद गेला नसता.” मग स्वतःच्याच शब्दाला दचकले. “परीक्षेत म्हनतो मी. परीक्षेत.”

उद्यानात मोबाइलला रेंज नव्हती. वाटेच्या टोकाला टेकडीवर एक मनोरा आहे, तिथं येते, असं गजाननच्या तोंडून निघून गेलं, आणि सरांचा वेग दुप्पट झाला.

शेवटचं वळण खडकांखालून, रेतीवरून जात होतं. तिथं गजाननची चाल मंदावली. “सर, इथूनच फिरू. भरती सुरू झाली.”

सर गर्रकन वळले. “भरती? आता कोनती निघाली बे? वयाची अट काय हाये?”

आणि खरं सांगतो, फळ्यावर ओहोटी लिहिणारा मी, मलाही आधी मैदानच दिसलं.

“पान्याची भरती, सर.”

सरांनी ऐकलं नाही. मनोरा समोर दिसत होता. ते पाण्यात शिरले. घोट्याएवढं होतं ते बघता बघता गुडघ्याला लागलं. गजाननानं धावत जाऊन त्यांचा दंड धरला. “सर, मागं फिरा.”

“सोड. मले त्या पोट्ट्याले फोन लावाचा हाय.”

“तुमी इथं अडकले, तं त्याले फोन कोन लावन?”

सर मनोऱ्याकडे पाहत राहिले. मग फिरले. परत येतानाही सगळ्यांच्या पुढं. वाटभर ओल्या बुटांची पचपच.

आमच्या लॉजच्या गावी धक्क्यावर बोटीतून उतरताच रेंज आली. या खेपेला प्रमोदचा फोन वाजला.

“कुठं हायेस बे?”

फोनचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. “अकोल्याच्या स्टेशनवर बसून राह्यलो, सर.”

“कोनत्या गाडीची वाट पाहून राह्यला?”

“कोनत्याच नाही.”

सरांची बोटं पांढरी पडली. आवाज मात्र मैदानावरचाच. “मागं फिर. बस पकड अन् घरी जा.”

“सर, तुमीच तं म्हनता, मागं फिराचं नाही.”

“म्हनत होतो. आज मीच मागं फिरलो, बेटा. पान्यानं फिरवलं. काही नाही झालं, नुसते बूट वल्ले झाले.”

“माही भरती गेली, सर.”

“अरे, इथं दिवसातून दोन डाव येते भरती.”

पलीकडे कुठल्याशा गाडीची घोषणा झाली. मग बारीक आवाज आला. “दोन डाव? वयाची अट काय हाये, सर?”

सर हसले. हसताना डोळे पुसले. “घरी पोचला का मिस कॉल देजो. उचलत नाही मी, रोमिंग लागते.”

मग धक्क्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सर चालत राहिले. गजाननानं चहा आणला, तो हातातच निवला. दिवे लागले. फोन एकदा वाजला आणि तुटला. सरांनी नाव पाहिलं, मला दाखवलं.

आणि इद्रिस सर खाली बसले. धक्क्याच्या पायरीवर, बूट काढून, पाय लांब करून. मी त्यांना बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. खालच्या पायऱ्या एकेक करून पाण्यात जात होत्या.

“मास्तर, पाहा,” सर म्हणाले, “अजून चढूनच राह्यलं.”