मामाजींचा दुसरा स्कॅन

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार माझ्या मामाजींचे. सालेकशाजवळच्या आमच्या गावातून गोंदियाच्या कॉलेजात माझं नाव त्यांनीच घातलं. धान निघालं की ते नाटक मंडळीत राजाचं काम करत. सुट्टीत आम्ही अंगणात समोरासमोर बसायचो. मी त्यांची वाक्यं तपासायचो, आणि ते माझ्या भौतिकशास्त्राच्या व्याख्या, पुस्तक हातात धरून. मी चुकलो की म्हणत, "पुन्हा म्हण. राजा अडखळला तं परजा हासते." ते दिवस आजही आठवतात.

मी बी.एस्सी. झालो, नागपूरला एमआरआय तंत्रज्ञ म्हणून लागलो. पुढे मामाजींच्या मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग किरणांचा शेक. गाठ गेली. पण काही महिन्यांनी ते तालमीत अडखळू लागले, चालताना तोल जाऊ लागला. कधी दारूच्या थेंबाला न शिवलेला माणूस! मंडळीतला एकजण तोंडावर म्हणाला, "काऊन जी, दुपारीच मोहाची घेऊन आले का?" सगळे हसले. नेहमीच्या एमआरआयमध्ये काही दिसत नव्हतं. मग मामीलाही संशय आला.

मामाजी मला म्हणाले, "बापू, वाक्य डोक्यात राह्यते, तोंडात यायले टेम लागते. तुले तरी पटते का?"

मी आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी वेगळा स्कॅन सांगितला, मेंदूतल्या पाण्याची हालचाल मोजणारा. मेंदूच्या पांढऱ्या भागात निरोप नेणारे तंतू असतात. ते धड असले की पाणी त्यांच्या लांबीने सरकतं. इजा झाली की आडवंतिडवं पसरतं. मामाजींचा स्कॅन मीच केला. फोनवरचं त्यांना पटत नसे, म्हणून पत्र टाकलं:

"आदरणीय मामाजी, सविनय जयभीम.

स्कॅनमध्ये इजा दिसली. नुसत्या चित्रावरून नाही, तुम्हाला तपासून आणि जुने कागद पाहून सर म्हणाले, हे शेकामुळे झालं आहे. दारूचा यात काही संबंध नाही. तसं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं आहे, झेरॉक्स सोबत आहे. आधी मामीला वाचून दाखवा, मग मंडळीत.

पहिल्यासारखं होईल, असं सर म्हणाले नाहीत. मी खोटं लिहीत नाही. राजाचं काम यंदा दुसऱ्याला द्यावं लागेल. तुम्ही चार वाक्यांचं काम मागून घ्या, पण तालमीला जाणं सोडू नका. पुढच्या रविवारी मी येतो.

तुमचा भाचा"